योरिसचा नववा वाढदिवस, दुसऱ्यांदा

गुरुवारी छावणीत दुपारच्या जेवणाची खळ वाटून झाली तेव्हा फेन्स्ट्रा बाईंनी डबे घासायला निघालेल्या बायकांना ओसरीवर थांबवलं. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या त्या प्रमुख होत्या. छावणी चालवणाऱ्या जपान्यांचे हुकूम कैदेतल्या डच बायकांना सांगायचे आणि बायकांची गाऱ्हाणी जपान्यांच्या कानावर अशा बेताने घालायची की कोणाला मार बसू नये, हे त्यांचं काम. दोन्हीकडची बोलणी खाऊन त्यांच्या आवाजातला चढउतारच संपला होता.

"ज्या मुलग्यांना दहा वर्षं पुरी झालीत ते शनिवारी सकाळी जाणार," त्या म्हणाल्या. "प्रत्येकी एक पिशवी आणि एक पथारी. खायला काही देऊ नका, झडतीत काढून घेतील."

"कुठे जाणार?"

"पुरुषांच्या एका छावणीत. कुठली ते मला सांगितलेलं नाही."

"आणि दहा वर्षांची पोरं तिथे करणार काय?"

"तेही सांगितलेलं नाही," फेन्स्ट्रा बाई म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे वळल्या.

फेमके डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. डब्याच्या कडेला कसाव्याच्या खळीचा एक ओघळ सुकत चालला होता. एरवी तिने तो बोटाने निपटून लेकीच्या, लीसच्या तोंडात घातला असता. आत्ता तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. उद्या शुक्रवार, आणि उद्या तिच्या मुलाला, योरिसला, दहा वर्षं पुरी होत होती.

छावणीत ही गोष्ट कोणाला माहीत नसायला हवी होती. सहा महिन्यांपूर्वी डोंगरातल्या छावणीतून त्यांना खाली, जावाच्या किनाऱ्यावरच्या सेमारांग शहरात आणलं, तेव्हा फाटकावर मुलांची नावं आणि वयं विचारत होते. वरच्या छावणीतून तेरा वर्षांवरची मुलं नेलेली फेमकेने पाहिली होती. आज तेरा, उद्या बारा, परवा आणखी खाली, हे ओळखायला फार हुशारी लागत नव्हती. रांगेत उभ्या उभ्या तिने योरिसचं एक वर्ष खाऊन टाकलं. जन्माची तारीख मात्र खरीच सांगितली, कारण पोर बोलताना चुकलंच तर तारखेला चुकू नये. योरिस अंगाने किरकोळ, त्यात आमांशाने वाळलेला. लिहिणाऱ्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून योरिस आठ वर्षांचा होता आणि उद्या तो नऊचा होणार होता. मागच्या वर्षी, वरच्या छावणीत, तो एकदा नऊचा होऊन चुकला होता.

योरिस मागच्या अंगणात टाइसबरोबर खायला गोगलगायी शोधत होता. टाइस त्याच्याहून चार महिन्यांनी मोठा आणि एक वीत उंच. फेमकेने योरिसला न्हाणीघराच्या भिंतीआड नेलं.

"तुला किती वर्षं?"

"आई, परत नको ना."

"किती?"

"आठ." त्याने पायाने माती उकरली. "उद्या नऊ. टाइस शनिवारी जाणार. ऐकलंस?"

"ऐकलं."

"त्याचे बाबा आहेत ना, ते कदाचित तिथेच असतील. आपले बाबासुद्धा."

"कदाचित नसतील."

"तू नेहमी असंच म्हणतेस."

"उद्या कोणीही विचारलं तरी नऊ. तोंडातून दुसरा आकडा निघता कामा नये. कळलं?"

योरिसने मान हलवली, पण कुठल्या बाजूला ते फेमकेला नीट दिसलं नाही. तो टाइसकडे पळाला.

आता उरली ओमा डिना, म्हणजे डिना आजी. चहाच्या मळ्यावर फेमकेच्या शेजारचा बंगला तिचा. योरिस जन्मला त्या दिवशी रस्ता खचला होता, डॉक्टर वर पोचला नाही, आणि नाळ कापली ती ओमा डिनानेच. सत्तरी ओलांडलेली, चर्चच्या बाकासारखी ताठ बाई. मळ्यावरच्या झाडून सगळ्यांचे वाढदिवस तिला पाठ होते. मजुरांच्या मुकादमाचासुद्धा, जो त्या मुकादमाला स्वतःला माहीत नव्हता.

ओमा डिना खिडकीत बसून फाटक्या मच्छरदाणीचा दोरा उसवत होती. फेमकेने खाली बसून हलक्या आवाजात सांगितलं.

"मी जन्मात कोणाचं वय खोटं सांगितलेलं नाही," ओमा डिना म्हणाली.

"खोटं सांगा म्हणत नाही मी. सांगूच नका."

"न सांगायला काय जातं. मी आकडा उच्चारणार नाही." तिने दोरा दातांनी तोडला. "पण वाढदिवस करणार नाहीस की काय पोराचा?"

"ज्यांची मुलं परवा जाणार त्यांच्या समोर कसा करू, ओमा?"

हे उत्तर ओमा डिनाला पटलं. फेमकेने तेच घरातल्या इतर बायकांनाही सांगितलं. यंदा वाढदिवसाच्या मुलाची खुर्ची फुलांनी सजवायची नाही, गाणं नाही, काही नाही. सगळ्यांनी मान डोलावली. दोघीतिघींनी तर तिच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं, आणि ते ऐकताना फेमकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी टाइसची आई कोबा त्याची पिशवी भरायला बसली. कोबाची पथारी फेमकेच्या पथारीला लागून. दोघींच्या मध्ये जुन्या पलंगपोसाचा पडदा होता, तो दिवसा वर अडकवलेला असे. पिशवीत घालायला फारसं काही नव्हतंच. एक शर्ट, वडिलांची आखूड केलेली पॅन्ट, पत्र्याची वाटी. कोबा ते तीनतीनदा बाहेर काढून पुन्हा आत घालत होती. मुलं आपापल्या जागी पडली होती. टाइस भिंतीकडे तोंड करून.

"फेमके," कोबा वर न बघता म्हणाली, "योरिस दहाचा आहे ना गं?"

फेमकेने लीसचं पांघरूण वर ओढलं.

"टाइस मला कधीच बोलला होता. पोरं एकमेकांपासून काय लपवतात? घाबरू नकोस. मी फेन्स्ट्रा बाईंकडे जाणारी नाही."

"मग विचारतेस कशाला?"

"दोघं असले की एक आजारी पडला तर दुसरा त्याचा डबा आणून देतो. एकटं पोर पडलं की पडलंच. कोणी वळून बघत नाही. तू वरच्या छावणीत पाहिलंयस, मी खालच्या पाहिलंय." कोबाने पिशवीची नाडी ओढली, ती तुटली, तिने गाठ मारली. "मला वाटलं, विचारून बघावं. एवढंच."

"माझा योरिस तिथे महिनाभर टिकणार नाही, कोबा. पावसाळ्यात काय झालं होतं त्याचं ते बघितलंस ना तू? अजून जिना चढला की धापा टाकतो. तू मला त्याला मरायला पाठव म्हणतेयस."

"आणि माझा?"

"तुझा उंच आहे. अंगात ताकद आहे त्याच्या."

"हो," कोबा म्हणाली. "तेवढीच चूक झाली माझी. स्वतःच्या पोटाला चिमटा काढून त्याला घातलं."

फेमकेने तिचा हात धरला. "मी तुझ्या पाया पडते. जाऊ देणार नाही मी त्याला. बोलू नकोस काही."

"सांगितलं ना, नाही बोलणार," कोबा म्हणाली आणि हात सोडवून घेऊन पडदा खाली सोडला. पडदा पडताना फेमकेला टाइसची पाठ दिसली. झोपलेल्या पोराची पाठ इतकी ताठ नसते.

शुक्रवारी सकाळी हजेरीसाठी गल्ली रस्त्यावर उभी राहिली. पाच पाच जणींच्या रांगा, पुढे लहान मुलं. पलीकडे बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण आणि त्याच्या वरून दिसणारे कुणाच्या तरी परसातले केळीचे शेंडे. जपानी सार्जंट ओगुरा टोकाच्या गल्लीपासून मोजत येई, म्हणजे या गल्लीला बराच वेळ नुसतं थांबावं लागे. थांबायचं, पण बोलायचं नाही असा नियम होता, आणि तो कोणी पाळत नसे.

फेमके योरिसच्या मागेच उभी होती. काल रात्रभर तिने एकेका तोंडाचा विचार केला होता. योरिस, ओमा डिना, कोबा, टाइस. आकडा कुठून बाहेर पडू शकतो ती सगळी भोकं तिने बुजवली होती. हातांचा विचार मात्र तिच्या मनात आला नाही.

ओमा डिना शेजारच्या रांगेतून वळली, तिने फेमकेचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अभिनंदन, फेमके. मुलाचं."

तिने शब्द पाळला होता. आकडा नाही, गाणं नाही, नुसता हात. वाढदिवसाला आईचं अभिनंदन करायचं नाही, हे तिला हजेरीत जपान्यांसमोर न वाकण्याइतकंच अशक्य होतं. आणि एकदा तिने केलं म्हटल्यावर मागची बाई गप्प कशी राहील? तिनेही हात पुढे केला. मग लीसचं अभिनंदन, कारण तिचा भाऊ. मग ओमा डिनाचं, कारण नाळ तिने कापलेली. मग कोबाचं, शेजारीण म्हणून. डच लोकांत वाढदिवस एकट्याचा नसतोच. पोराच्या आजूबाजूला जो असेल त्याचा हात धरून अभिनंदन करायचं, आणि ज्याचं केलं त्यानेही उलट करायचं. मळ्यावर, शहरात, आगबोटीवर, सगळीकडे त्यांनी हेच केलं होतं. हात आपोआप पुढे जात होते. काल फेमकेसमोर समजूतदारपणे मान डोलावलेल्या बायकासुद्धा रांगेतून वाकून एकमेकींचे हात हलवत होत्या. कालपासून पहिल्यांदा काही चेहऱ्यांवर हसू आलं होतं.

"पुरे," फेमके दातांतून म्हणाली. "ओमा, पुरे करा."

"झालंच की," ओमा डिना म्हणाली.

तेवढ्यात रस्त्याच्या तोंडाशी ओगुरा येऊन उभा राहिला. त्याच्या मागे दोन जावानी पहारेकरी.

गेल्या महिन्यात ओगुराने याच गल्लीतल्या तीन घरांच्या फरश्या उखडून रेडिओ शोधला होता. सापडला नाही. त्याबद्दल त्याच्या वरच्याने त्यालाच फैलावर घेतलं, असं स्वयंपाकघरात बोललं जात होतं. आता त्याच्या समोर बायकांची अख्खी रांग एकमेकींचे हात हातात घेऊन अभिनंदन करत होती. उद्या ज्यांची मुलं जाणार त्या बायकासुद्धा हसत होत्या.

वाकण्याचा हुकूम झाला. सगळ्या वाकल्या. सरळ होण्याचा हुकूम मात्र आला नाही. फेमकेला रस्त्याची खडी आणि योरिसच्या टाचा दिसत होत्या. बुटांचा आवाज जवळ आला, पुढे गेला, परत आला.

"सरळ," ओगुरा म्हणाला, आणि त्याच्या मोडक्या मलयमध्ये फेन्स्ट्रा बाईंना विचारलं, "काय बातमी?"

"बातमी नाही, तुआन," बाई म्हणाल्या. मलयमध्ये तुआन म्हणजे साहेब.

"सगळे खूश. हात, हात, हात. अमेरिकन आले?"

"नाही, तुआन. वाढदिवस आहे."

"कोणाचा?" त्याने ओमा डिनाकडे बोट केलं. "हिचा?"

"नाही."

"हिचा?" बोट लीसवर गेलं.

"नाही, तुआन. तिच्या भावाचा."

"मग हिचा हात का धरला?"

"ती बहीण आहे म्हणून."

"आणि हिचा?" बोट कोबावर.

"ती त्याच्या शेजारी झोपते म्हणून, तुआन."

मागे कोणाच्या तरी नाकातून फुस्कन आवाज आला आणि लगेच थांबला. बाईंचा प्रत्येक शब्द खरा होता आणि प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याला थापेसारखा वाटत होता. ओगुराच्या मुलखात सगळ्यांचं वय नव्या वर्षाच्या दिवशी एकदमच वाढतं, असं छावणीत कोणी कोणी सांगत. ते खरं असो वा नसो, एका पोरासाठी शेजारणीचा हात हलवणारे लोक त्याने बहुधा पाहिले नव्हते. त्याने फेन्स्ट्रा बाईंच्या थोबाडीत मारली. त्या एका पायावर कलंडल्या, परत सरळ झाल्या आणि वाकून नमस्कार केला. नाही केला तर दुसरी बसते.

"मुलगा," ओगुरा म्हणाला. "पुढे."

योरिस पुढे गेला आणि वाकला. नीट वाकला, जसं शिकवलं होतं तसं. फेमकेला त्याच्या मानेवरचा मणका न् मणका दिसत होता.

"आज वाढदिवस?"

योरिसने मान हलवली.

"किती वर्षं?"

एवढी मलय योरिसला येत होती. मलय तो दाईच्या मांडीवर शिकला होता, डच नंतर. तरी तो बोलला नाही. फेमकेला वाटलं, घाबरला. मग त्याचे खांदे दिसले आणि तिला कळलं की तो घाबरलेला नाही. खांदे ताठ होते, हनुवटी वर होती, आणि त्याने मान थोडी वळवून टाइसकडे पाहिलं. कुठल्याही आईला ओळखू येतं तसं फेमकेला ओळखू आलं, की हा आता खरं बोलणार आहे. त्या दोघांनी ठरवलं होतं. काल गोगलगायी शोधताना ठरवलं असेल, किंवा त्याआधीच.

तिला काहीतरी करायला हवं होतं. चक्कर आल्यासारखं पडावं, ओरडावं. पण आई मध्ये पडली म्हणजे आकड्यात काहीतरी काळंबेरं आहे, हे ओगुरा लगेच हेरणार. ती जागची हलली नाही.

"किती?" ओगुराने पुन्हा विचारलं आणि योरिसची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली.

"नऊ, तुआन."

आवाज योरिसचा नव्हता. तिसऱ्या रांगेतून टाइस बोलत होता, मोठ्याने, जावानी पोरांच्या रस्त्यावरच्या मलयमध्ये, तोंड वाकडं करून. "नऊचा झालाय आणि अजून पथारीत मुततो. मी शेजारी झोपतो ना, मला विचारा. सकाळी माझी पथारीपण ओली. म्हणून तर सगळे अभिनंदन करतायत, तुआन. आज कोरडा उठला."

दोघांपैकी एक पहारेकरी खो खो हसला. त्याने ते दुसऱ्याला पुन्हा सांगितलं, मग दुसराही हसला. रांगेतली मुलं हसली, मुली हसल्या, आणि भीतीने आखडलेल्या दोनचार बायकांच्याही तोंडून हसू सांडलं, कारण थांबवणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. ओगुराने योरिसची हनुवटी सोडली. त्याने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काटकुळे पाय, घसरणारी चड्डी, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेलं तोंड. ते तोंड खोटं बोलणाऱ्याचं नव्हतं. लाज गेलेल्या लहान पोराचं होतं.

"नऊ," तो म्हणाला.

मग तिसऱ्या रांगेपर्यंत चालत जाऊन त्याने परवानगीशिवाय बोलल्याबद्दल टाइसला दोन थपडा मारल्या. एक जाताना, एक परतताना. सगळ्या गल्लीला दुपारपर्यंत उन्हात उभं राहण्याची शिक्षा झाली. रेडिओचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

उन्हात उभं राहिल्याने ओमा डिना पडली, तिला दोघींनी सावलीत ओढलं. फेन्स्ट्रा बाईंच्या ओठातून आलेलं रक्त सुकून काळं झालं. या सगळ्यात फेमकेला फक्त एकच दिसत होतं. योरिस तिच्या पुढे उभा होता, तो टाइसच्या दिशेला पाठ करून.

सुटका झाल्यावर तो न्हाणीघराच्या भिंतीआड जाऊन बसला. फेमके तिथे गेली.

"आम्ही ठरवलं होतं," तो म्हणाला. "मी दहा म्हणणार होतो. त्याला माहीत होतं. आम्ही शपथ घेतली होती."

"योरिस."

"त्याला मी नकोच होतो बरोबर. मोठ्या मुलांत माझी लाज वाटली असती त्याला. मग तसं सांगायचं ना. सगळ्यांसमोर ते कशाला सांगायचं? ते पावसाळ्यातलं होतं, मी आजारी होतो तेव्हाचं." त्याचा आवाज चिरकला. "मी त्याच्याशी कधी बोलणार नाही."

फेमकेने तोंड उघडलं. आदल्या संध्याकाळची ती ताठ पाठ तिच्या डोळ्यांसमोर होती. टाइसने पडद्याआडून सगळं ऐकलं होतं. महिनाभर टिकणार नाही, हेही ऐकलं होतं. त्याने मित्राला वाचवण्यासाठी हाताला येईल ते हत्यार उचललं होतं, आणि दहा वर्षांच्या पोराच्या हाताला दुसरं काय येणार? हे तिला दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

सांगितलं तर योरिस उठून टाइसकडे जाईल. तिथून फाटक किती लांब? उद्या सकाळी ट्रक उभा असेल आणि हा पुढे होऊन म्हणेल, मी दहाचा आहे.

"ऊन लागलंय तुला," ती म्हणाली. "पाणी पी."

भिंतीच्या कोपऱ्यावर कोबा बादली घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने फेमकेकडे पाहिलं, फेमकेने तिच्याकडे. कोबा योरिसला आता सगळं सांगेल असं फेमकेला वाटलं. पण कोबाने बादली भरली आणि ती निघून गेली.

त्या दिवशी टाइस दोनदा योरिसच्या जवळ आला. पहिल्यांदा नुसताच शेजारी बसला. योरिस उठला. दुसऱ्यांदा त्याने शंखातून काढलेली गोगलगाय पानावर पुढे केली. "वाढदिवसाची," म्हणाला. योरिसने पान उलटं केलं. टाइसने फेमकेकडे पाहिलं. तिने काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा असावी. फेमके लीसच्या केसांतल्या उवा बघत राहिली.

शनिवारी ट्रक आला तेव्हा मुलं पिशव्या पाठीला बांधून फाटकाशी उभी होती. हुकूम होता की रडायचं नाही. काही आया ओठ चावत होत्या, काही उगाच हसत होत्या. "दात घासत जा." "कोणाशी भांडू नकोस." "बाबा भेटले तर सांग, आम्ही ठीक आहोत." एक मुलगा इतका लहान दिसत होता की पहारेकऱ्याने त्याला दोन्ही हातांनी उचलून ट्रकमध्ये ठेवलं.

फेमके गर्दीच्या मागे उभी होती. योरिसचं मनगट तिने घट्ट धरलं होतं, पण त्याची गरज नव्हती. तो ट्रककडे बघतही नव्हता.

कोबा गर्दीतून मागे आली. "योरिस, बाळा. एकदा हात कर त्याला. तो बघतोय तुझ्याकडे."

योरिसने नकारार्थी मान हलवली.

"मावशीसाठी कर."

"नको, कोबामावशी."

कोबाने फेमकेकडे पाहिलं. या वेळी फेमकेला नजर चुकवता आली नाही. कोबाच्या डोळ्यांत राग नव्हता. त्यात सरळ विचारणा होती, की सांगतेस, की मी सांगू? फेमकेने नाही अशी मान हलवली, अगदी थोडी. इंजिन सुरू होतं आणि फाटक उघडं होतं. ट्रकची मागची फळी अजून खालीच होती.

"जा, कोबा," ती कुजबुजली. "तो तुला शोधतोय."

कोबा पुढे गेली. फळी वर चढली, खिट्टी बसली. ट्रक हलला तेव्हा टाइस मागच्या कडेला उभा होता, सगळ्यांपेक्षा उंच. तो आईकडे बघून हात हलवत होता आणि मध्येच त्याची नजर कोबाच्या डोक्यावरून मागे जात होती. मग धूळ उडाली, फाटक बंद झालं.

दुपारी घरातल्या जागा नव्याने मोजल्या गेल्या. कोणी गेलं की उरलेल्यांत जागा वाटायची, हा घराचा ठराव होता. फेन्स्ट्रा बाई सुजलेला ओठ घेऊन दोरी धरून आल्या. टाइसच्या पथारीची अर्धी रुंदी पलीकडच्या कुटुंबाला आणि अर्धी फेमकेला, असा हिशेब निघाला. भिंतीवर खडूची नवी रेघ पडली.

"नको आम्हाला," फेमके म्हणाली.

"तू घेतली नाहीस तर बाकीच्या भांडतील," फेन्स्ट्रा बाई म्हणाल्या. "घे मुकाट्याने."

कोबा भिंतीला टेकून बसली होती. "पसर की पथारी," ती म्हणाली. "नऊ वर्षांचाच आहे तो. अजून वाढायचाय."

योरिसने दोघींकडे पाहिलं. पोर मूर्ख नव्हतं. दोन दिवस लाजेने त्याचे कान बंद होते, ते आता उघडले. त्याने भिंतीवरची रेघ पाहिली, मग ज्या जागी काल टाइस होता ती फरशी पाहिली.

"आई," तो म्हणाला. "टाइस का बोलला तसं?"

आता सांगायला हरकत नव्हती. फेमकेने सांगितलं. पडदा, आदल्या संध्याकाळचं बोलणं, सगळं, एका दमात. लीस योरिसच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, तिला त्याने हळूच बाजूला केलं.

"तुला हे कधी कळलं?"

"काल. तो बोलला तेव्हाच."

"ट्रक यायच्या आधी."

"हो."

"मी त्याला हातसुद्धा केला नाही."

"तू गेला असतास त्याच्याबरोबर," फेमके म्हणाली. "मला माहीत होतं. तू पळत गेला असतास."

तो उठला, आपली पथारी गुंडाळली आणि खडूची रेघ ओलांडून कोबाच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीशी, जिथे जेमतेम एक अंग मावेल तिथे नेऊन टाकली. कोबाने पाय जवळ घेतले आणि त्याला जागा करून दिली.

फेमके आपल्या जागी बसून राहिली. थोड्या वेळाने स्वयंपाकघराची घंटा झाली. तिने चार डबे उचलले, लीसचा, योरिसचा, स्वतःचा आणि कोबाचा, आणि ती रांगेत उभी राहायला गेली.